सल्फाइड धातुकांच्या अपक्षयात सेलेनियमची खनिजे नेमकी कुठे तयार होतात?

भूरसायनशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी सेलेनियम आणि पाण्याची विभव–पीएच आकृती, म्हणजे पाण्याची ऑक्सिडीकरण-क्षमता (विभव) आणि आम्लता (पीएच) यांनुसार कोणते रूप स्थिर ते दाखवणारा आलेख, काढली. हवेशी समतोलात असलेल्या पाण्याच्या बाजूला, विशेषतः उदासीन पाण्यात, त्याला सेलेनेटच स्थिर दिसले. पुस्तकांत मात्र ऑक्सिडीकरण पट्ट्यातील, म्हणजे हवा–पाण्याने झिजणाऱ्या धातुकाच्या वरच्या भागातील, खनिजे म्हणून चाल्कोमेनाइट, मॉलिब्डोमेनाइट अशी सेलेनाइट क्षारांचीच नावे येतात. शिवाय सेलेनियमयुक्त पायराइटवर तयार झालेल्या गॉसनमध्ये, म्हणजे धातुकावरच्या तांबूस लोहमय टोपीत, यांपैकी एकही खनिज सहसा सापडत नाही. मग आकृती चुकली, की आकृती काढण्यामागचा विचार चुकला?

आकृती बरोबर आहे. तिला जो प्रश्न विचारला तो मात्र अपुरा आहे. पाण्यात सेलेनियम कोणत्या रूपात स्थिर असेल एवढेच ती आकृती सांगते. त्या रूपाचे खनिज होईल की नाही, हे ती सांगत नाही. खनिज होण्यासाठी सेलेनियमला पाण्यातला एखादा धातू मिळावा लागतो आणि त्याच धातूवर हक्क सांगणारी सल्फेट, कार्बोनेट व हायड्रॉक्साइड खनिजे तेथे आधीच बसलेली असतात. माझ्या अनुभवात या विषयातील बहुतेक गोंधळ त्या प्रतिस्पर्धी खनिजांना हिशेबात न घेतल्याने होतो. म्हणून खाली मी आधी सेलेनियम गंधकापासून वेगळे कसे होते ते सांगतो आणि मग त्या स्पर्धेचा हिशेब मांडतो.

शब्दाबाबत एक खुलासा आवश्यक आहे. जिप्समच्या पारदर्शक स्फटिकांनाही ‘सेलेनाइट’ म्हणतात आणि त्यात सेलेनियमचा अंशही नसतो. या उत्तरात सेलेनाइट म्हणजे चार संयुजेच्या सेलेनियमचे क्षार आणि सेलेनेट म्हणजे सहा संयुजेच्या सेलेनियमचे क्षार. दोन्ही नावांच्या मुळाशी चंद्रच आहे. चाल्कोमेनाइटमधला ‘मेने’ हाही ग्रीक भाषेतला चंद्रच, आणि मॉलिब्डोमेनाइटमध्ये मॉलिब्डेनम नसून शिसे आहे. ते नाव शिशाच्या ग्रीक नावावरून आले.

सेलेनियम आणि गंधक एकाच घरात राहतात हे १८१७ सालापासून ठाऊक आहे. स्वीडनमधील फालूनच्या पायराइटपासून ग्रिप्सहोम येथे सल्फ्युरिक आम्ल करताना जो तांबूस गाळ उरत असे, त्यात बर्झेलियस आणि गान यांना हे मूलद्रव्य सापडले. तो गाळ तापवल्यावर सडक्या मुळ्यासारखा वास येई, म्हणून आरंभी ते टेल्युरियम आहे असेच वाटले होते. सल्फाइड आयनाची त्रिज्या १.८४ अँगस्ट्रॉम, सेलेनाइड आयनाची १.९८. फरक थोडा असल्याने पायराइट (लोहाचे सल्फाइड), चाल्कोपायराइट (तांबे–लोहाचे) किंवा गॅलिनाच्या (शिशाचे) जालकात, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या मांडणीत, सेलेनियम गंधकाच्या जागी सहज बसते. पृथ्वीच्या कवचात ते दशलक्ष भागांत ०.१ च्या आसपास, म्हणजे अत्यल्प आहे. त्यामुळे स्वतःची सेलेनाइड खनिजे करण्यापेक्षा सल्फाइडांत विखरून राहणे हीच त्याची नेहमीची स्थिती असते.

अपक्षय सुरू झाला की मात्र दोघांच्या वाटा फुटतात, आणि त्या का फुटतात याचे उत्तर प्रमाण विभवांतच आहे. विभव जितके जास्त, तितके ऑक्सिडीकरण होण्यास पाणी अधिक ऑक्सिडीकारक असावे लागते. मूलद्रव्य गंधकापासून सल्फेट होण्याच्या अभिक्रियेचे प्रमाण विभव सुमारे ०.३६ व्होल्ट आहे. मूलद्रव्य सेलेनियमपासून सेलेनस आम्ल होण्याचे ०.७४ व्होल्ट. प्रत्यक्ष पाण्यासाठी हिशेब करू. पीएच २ असलेले खाणीतले आम्ल पाणी घ्या. त्यात सल्फेट लिटरमागे एक शतांश मोल आणि सेलेनियम एक दशलक्षांश मोल आहे असे धरा. गंधकाची सीमा ०.१८ व्होल्टवर येते आणि सेलेनियमची ०.५३ व्होल्टवर. मधला ०.३५ व्होल्टचा पट्टा म्हणजे अशी स्थिती की जिच्यात गंधक सल्फेट होऊन पाण्याबरोबर निघून गेलेले असते, पण सेलेनियम मूलद्रव्याच्या रूपात जागेवरच राहते. अर्धवट झिजलेल्या सल्फाइडांच्या भेगांत जे नैसर्गिक सेलेनियम करड्या सुयांच्या किंवा लालसर थराच्या रूपात दिसते, ते याच पट्ट्यातले असते.

हा पट्टा पीएचबरोबर खाली सरकतो. सेलेनियमच्या तेवढ्याच प्रमाणासाठी सेलेनियमची सीमा पीएच ४ ला ०.३९ व्होल्ट आणि पीएच ७ ला ०.१७ व्होल्ट इतकी येते. म्हणजे पाणी उदासीन असेल तर थोड्याशा ऑक्सिजननेही सेलेनियम विरघळू लागते, आणि आम्ल पाण्यात तेच सेलेनियम बराच काळ टिकते. दक्षिण उरलमधील पायराइटप्रधान धातुकांच्या ऑक्सिडीकरण पट्ट्यांत, मूळ धातुकाच्या लगेच वर, मूलद्रव्य सेलेनियमबरोबर पाऱ्याचे टायमॅनाइट, चांदीचे नॉमॅनाइट आणि शिशाचे क्लॉस्थॅलाइट असे सेलेनाइडांचे बारीक कण आढळतात. पारा आणि चांदी यांचे सेलेनाइड इतके अविद्राव्य आहेत की वरून झिरपणाऱ्या पाण्यातल्या लेशमात्र सेलेनियमलाही ते खालच्या क्षपणकारी (ऑक्सिजन नसलेल्या, ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया घडवणाऱ्या) थरात अडकवतात. अपक्षयातली सेलेनियम खनिजे म्हटले की केवळ निळी–हिरवी सेलेनाइट डोळ्यांपुढे आणणाऱ्यांकडून हा खालचा अर्धा भाग नेहमी निसटतो.

आता मूळ शंकेकडे वळू. सेलेनेट का नाही? येथे दोन वेगळी कारणे आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

पहिले कारण लोह आहे. आम्ल पाण्यात विभव ठरवतो तो फेरिक आणि फेरस लोहाचा तोल, आणि त्याचे प्रमाण विभव ०.७७ व्होल्ट आहे. पीएच २ ला सेलेनियम मूलद्रव्याची सीमा ०.५३ व्होल्ट म्हणजे लोहाच्या पातळीखाली. त्यामुळे फेरिक लोह सेलेनियमचे सेलेनाइट सहज करू शकते. सेलेनाइटचे सेलेनेट होण्याची सीमा मात्र त्याच पीएचला ०.९१ व्होल्टवर आहे. तेथवर पोहोचण्यासाठी मुक्त फेरिक लोह फेरसच्या सुमारे २५० पट हवे, आणि सल्फेटयुक्त पाण्यात फेरिक लोहाचा बराच भाग सल्फेटाशी जोडला जात असल्याने ती अट आणखी अवघड होते. जोवर जवळपास पायराइट शिल्लक आहे, तोवर फेरस लोहाचा पुरवठा थांबत नाही आणि पाणी सेलेनाइटच्या पातळीवरच अडून राहते. तुमच्या आकृतीतली हवेच्या समतोलाची रेषा अशा पाण्याला लागूच होत नाही.

उदासीन पाण्यात लोह हायड्रॉक्साइड होऊन बाहेर पडते आणि सीमाही खाली येते. पीएच ७ ला ती फक्त ०.४५ व्होल्ट आहे, तर हवेशी समतोलाचे विभव ०.८० व्होल्टच्या जवळ. येथे सेलेनेट होणे ऊर्जेच्या दृष्टीने निश्चितच अनुकूल आहे. पण हवेतल्या ऑक्सिजनकडून सेलेनाइटचे सेलेनेट होण्याची गती अतिशय मंद असते. प्रयोगशाळेत सोडियम सेलेनाइटचे द्रावण हवेत उघडे ठेवले तरी ते लवकर बदलत नाही, हे ज्यांनी हे द्रावण वापरले आहे त्यांना माहीत असते. मुक्त ऊर्जा दिशा सांगते, वेळापत्रक सांगत नाही. सेलेनियमच्या बाबतीत हा फरक गंधकापेक्षा किंवा लोहापेक्षाही अधिक ठळक आहे.

दुसरे कारण असे की सेलेनेट झाले तरी त्याचे स्वतंत्र खनिज होणे कठीण असते. सेलेनेट आयन सल्फेटासारखाच चतुष्फलकी आहे. सेलेनियम–ऑक्सिजन अंतर सुमारे १.६४ अँगस्ट्रॉम, सल्फेटात ते सुमारे १.४७. आकार थोडा मोठा पण घडण तीच, म्हणून सेलेनेट सल्फेट खनिजांत, उदाहरणार्थ जॅरोसाइट या लोहाच्या सल्फेटात, मिसळून जातो. आणि जेथे वेगळा होऊ पाहतो तेथे त्याचे क्षार सल्फेटांहून अधिक विद्राव्य निघतात. विद्राव्यता गुणाकार म्हणजे संपृक्त पाण्यातल्या क्षाराच्या आयनांच्या प्रमाणांचा गुणाकार; तो जितका लहान, तितका क्षार कमी विरघळतो. बेरियम सल्फेटासाठी तो १० चा जवळपास −१० वा घात आहे, बेरियम सेलेनेटाचा −७.५, शिशासाठी हेच आकडे अनुक्रमे −७.८ आणि −६.८ आहेत. सल्फेट हजारो पट अधिक असलेल्या पाण्यात या स्पर्धेचा निकाल आधीच लागलेला असतो. सेलेनाइट आयनाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यात सेलेनियमवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते आणि त्याचा आकार बसक्या पिरॅमिडसारखा असतो. हा पिरॅमिड सल्फेटाच्या चौकटीत लपू शकत नाही, म्हणून त्याला स्वतःचे खनिज करावे लागते.

याचा उत्तम पुरावा शिसे आणि तांब्याच्या तीन खनिजांत दिसतो. लिनाराइट हे दोन्ही धातूंचे गडद निळे सल्फेट आहे. जपानमधील फुकुओका प्रांतातल्या मुनाकाता येथे सापडलेल्या मुनाकाटाइटमध्ये लिनाराइटच्या निम्म्या सल्फेट जागी सेलेनाइट आहे, आणि श्मीडेराइटमध्ये निम्मे सेलेनाइट व निम्मे सेलेनेट आहे. दोन्हींत सेलेनाइटला स्वतःची ठरलेली जागा आहे. तो सल्फेटाबरोबर कसाही मिसळलेला नाही. सेलेनेट मात्र चतुष्फलकाच्या जागेवर सल्फेटाच्या ऐवजी येऊन बसतो. बोलिव्हियातील पाकाहाके येथील ओल्साकेराइट हे शिशाचे सेलेनेट–सल्फेट असून त्याची रचना बराइटसारखी आहे. सेलेनेटयुक्त खनिजे सहसा अशाच कोरड्या प्रदेशांतून येतात, जेथे विरघळलेले वाहून नेण्याइतका पाऊसच नसतो.

आता स्पर्धेचा हिशेब. पुढे प्रमाणे मी १० च्या घातांकात देत आहे. घातांक −३ म्हणजे लिटरमागे एक सहस्रांश मोल. सेलेनस आम्लाचे दोन विघटन घातांक सुमारे २.६ आणि ८.३ आहेत. म्हणजे पीएच २.६ ते ८.३ या मोठ्या टप्प्यात पाण्यातले सेलेनाइट मुख्यतः एक हायड्रोजन धरून असते, आणि खनिजाला हवा असलेला पूर्ण मोकळा सेलेनाइट आयन त्याच्या तुलनेत फार थोडा असतो. पीएच एकने वाढला की हा मोकळा आयन दहापट होतो. हे एक वाक्य लक्षात ठेवले तर पुढचे सगळे सोपे जाते.

तांबे घेऊ. चाल्कोमेनाइट म्हणजे पाण्याचे दोन रेणू असलेले तांब्याचे सेलेनाइट. त्याच्या विद्राव्यता गुणाकाराची जुनी नोंद −७.७ च्या जवळ आहे, तर अलीकडच्या मोजमापांत तो −१०.६ च्या आसपास येतो. तीन घातांकांचा हा फरक पाहून घाबरून जाऊ नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. सोडियम सेलेनाइटचे द्रावण तांब्याच्या नायट्रेटमध्ये ओतल्यावर प्रथम जो निळसर–हिरवा, दह्यासारखा अवक्षेप येतो तो चाल्कोमेनाइट नव्हेच. मी तो अनेकदा काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवून दिला आहे. आरंभी गाळणकागदावर त्याचा चिखल होतो आणि पाणी उतरता उतरत नाही. काही दिवसांनी बाटलीच्या तळाशी तो आकसून बसतो, रंग स्वच्छ निळा होतो, आणि बाटली हलवली की वाळूसारखे कण एकमेकांवरून घसरताना दिसतात. वरच्या द्रावणातले तांबे याच काळात सतत कमी होत जाते. ताज्या, अस्फटिक अवक्षेपावर केलेले मोजमाप आणि जुन्या, स्फटिक झालेल्या अवक्षेपावर केलेले मोजमाप एकच असणार नाही. खनिजासाठी दुसरेच वापरावे, आणि ते वापरण्यापूर्वी क्ष-किरण विवर्तनाने घन पदार्थ तपासलेला आहे की नाही ते अवश्य पाहावे.

पीएच ५ असलेल्या पाण्यात तांबे −३ आहे असे धरा. गुणाकार −१०.६ घेतला तर मोकळा सेलेनाइट −७.६ लागतो, आणि या पीएचला एकूण सेलेनाइट त्याच्या सुमारे दोन हजार पट असल्याने एकूण −४.३, म्हणजे लिटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम सेलेनियम लागते. जुना गुणाकार घेतला तर तेच उत्तर लिटरमागे ३ ग्रॅमच्या पुढे जाते, जे कोणत्याही नैसर्गिक पाण्यासाठी अशक्यप्राय आहे. एका आकड्याच्या निवडीवर खनिज ‘होऊ शकते’ की ‘होऊच शकत नाही’ हे ठरते.

आता पीएच बदलून पाहू, कारण खरा मुद्दा येथे आहे. आम्ल बाजूने वर येताना तांबे तेवढेच राहते आणि मोकळा सेलेनाइट दर पीएचमागे दहापट वाढतो. म्हणजे चाल्कोमेनाइटची शक्यता सतत वाढत जाते. पण तांबे −३ आणि सल्फेट −२ असताना पीएच ४.९ च्या जवळ ब्रोकँटाइट, म्हणजे तांब्याचे हायड्रॉक्सी सल्फेट, संपृक्त होते. ब्रोकँटाइटच्या सूत्रात चार तांब्यांमागे सहा हायड्रॉक्सिल असल्याने त्यानंतर दर पीएचमागे तांबे दीड घातांकाने घटते. सेलेनाइटची वाढ एक घातांक, तांब्याची घट दीड. गुणाकार दर पीएचमागे अर्ध्या घातांकाने खाली जातो. मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचे हायड्रॉक्सी कार्बोनेट, आले तर घट दोन घातांकांची होते आणि उतार आणखी तीव्र होतो. म्हणजे चाल्कोमेनाइटला सर्वांत अनुकूल स्थिती आम्ल पाण्यात खोलवर नाही आणि अल्कधर्मी पाण्यातही नाही. ती ब्रोकँटाइट पडू लागण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. विभव–पीएच आकृतीत हे दिसत नाही, कारण त्या आकृतीत ब्रोकँटाइट नाही.

हाच हिशेब शिशासाठी केला की उत्तराचे रूप तेच राहते, फक्त जागा बदलते. मॉलिब्डोमेनाइटच्या विद्राव्यता गुणाकाराचा घातांक −१२.५ मानतात, त्यात एका घातांकाची अनिश्चितता आहे हे ध्यानात ठेवावे. अँग्लेसाइट, म्हणजे शिशाचे सल्फेट, −७.८, सेरुसाइट, म्हणजे कार्बोनेट, −१३.१. आम्ल पाण्यात शिसे अँग्लेसाइटने धरलेले असते आणि पीएच वाढला तरी त्याचे प्रमाण बदलत नाही. मोकळा सेलेनाइट मात्र वाढत राहतो. सेरुसाइट पडू लागले की हवेशी संपर्क असलेल्या पाण्यात कार्बोनेट दर पीएचमागे दोन घातांकांनी वाढते, शिसे तेवढेच घटते आणि मॉलिब्डोमेनाइट मागे पडू लागते. उंबरठा पुन्हा दोन प्रतिस्पर्ध्यांच्या सीमेवरच आहे. सल्फेट −२ आणि बाहेरच्या हवेइतका कार्बन डायऑक्साइड असेल तर ती सीमा पीएच ७.२ ला येते आणि तेथे लिटरमागे सुमारे ०.२ मिलिग्रॅम सेलेनियम पुरेसे होते. मातीतून झिरपणाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड त्याच्या तीसपट असू शकतो. मग सीमा पीएच ६.४ पर्यंत खाली येते आणि १.२ मिलिग्रॅमच्या पुढे सेलेनियम लागते. म्हणजे जमिनीवर दाट झाडी आणि कुजणारा पालापाचोळा असणे हे मॉलिब्डोमेनाइटच्या विरोधात जाते, आणि उघडे, कोरडे डोंगर त्याच्या बाजूने. शिशाच्या सेलेनाइटांची नावाजलेली ठिकाणे अँडीजच्या रूक्ष भागात आहेत याचे हे एक कारण आहे असे मला वाटते.

फेरिक लोहाचे मँडारिनोआइट सर्वांत हट्टी आहे. त्यात दोन लोह आणि तीन सेलेनाइट आहेत. पाणी गोथाइटशी (गंजासारखे लोहाचे ऑक्सी-हायड्रॉक्साइड खनिज) किंवा ताज्या लोह हायड्रॉक्साइडशी समतोलात असेल तर दर पीएचमागे फेरिक लोह तीन घातांकांनी घटते, दोन लोहांचे मिळून सहा. पीएच २.६ च्या वर सेलेनाइटची वाढ तिन्ही आयनांची मिळून तीनच घातांकांची होते. म्हणून गुणाकार दर पीएचमागे तीन घातांकांनी कोसळतो. पीएच २.६ च्या खाली सेलेनस आम्ल दोन हायड्रोजन धरून असल्याने वाढ दुप्पट, म्हणजे सहा घातांकांची होते आणि घट व वाढ एकमेकांची बरोबर भरपाई करतात. याचा अर्थ मँडारिनोआइटची जागा पीएच ३ च्या खालीच, लोह हायड्रॉक्साइड पडू लागण्याच्या आसपास आहे. एकाच नमुन्यात मँडारिनोआइट आणि चाल्कोमेनाइट शेजारी दिसले तर ती दोन्ही एकाच पाण्यातून एकाच वेळी आली असे समजू नका. पाण्याचा पीएच हळूहळू चढत गेला आणि खनिजे त्या क्रमाने बसली, असे मानून नमुना पुन्हा भिंगाखाली पाहावा.

निकेलचे आल्फेल्डाइट आणि कोबाल्टचे गुलाबी कोबाल्टोमेनाइट यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. या धातूंची सल्फेटे विद्राव्य आहेत आणि हायड्रॉक्साइड बऱ्याच वरच्या पीएचला पडतात, त्यामुळे त्यांना प्रतिस्पर्धी कमी आणि जागा ऐसपैस. अडचण एवढीच की निकेल किंवा कोबाल्ट आणि सेलेनियम एकत्र असलेले धातुक मुळात दुर्मीळ आहे. पाकाहाके येथे पेन्रोसाइट, म्हणजे निकेलचे सेलेनाइड, आहे म्हणूनच तेथे आल्फेल्डाइट आहे.

आता गॉसनच्या शंकेचे उत्तर देता येते. दशलक्ष भागांत १०० भाग सेलेनियम असलेला पायराइट घ्या. हा चांगला सेलेनियमयुक्त पायराइट मानावा लागेल. त्यात एका सेलेनियम अणूमागे गंधकाचे सुमारे १३,००० अणू असतात. हा पायराइट पूर्ण विरघळून पाण्यात सल्फेट लिटरमागे ०.०५ मोल झाले, तर सेलेनियम लिटरमागे फार तर ०.३ मिलिग्रॅम येईल. वरच्या पाण्यात चाल्कोमेनाइटला ४ मिलिग्रॅम हवे होते. शिवाय हे ०.३ मिलिग्रॅमही पाण्यात टिकत नाही, कारण त्याच पायराइटमधून निघालेले लोह गोथाइट होते आणि गोथाइटचा पृष्ठभाग सेलेनाइटला थेट रासायनिक बंधाने धरून ठेवतो. ही पकड आम्ल पाण्यात सर्वांत घट्ट असते आणि पीएच ८ च्या पुढे सैल होते. गॉसनमधले सेलेनियम नाहीसे झालेले नसते. ते गोथाइटच्या पृष्ठभागावर आणि जॅरोसाइटच्या जालकात विखुरलेले असते. विश्लेषणात ते दिसेल, भिंगाखाली कधीच दिसणार नाही.

म्हणून सेलेनाइट खनिजांची प्रसिद्ध ठिकाणे सल्फाइडांची नाहीत, सेलेनाइडांची आहेत. अर्जेंटिनातील मेन्डोसा प्रांतातल्या काचेउता येथून चाल्कोमेनाइटचे वर्णन १८८१ साली झाले. तेथे क्लॉस्थॅलाइट आणि तांब्याचे सेलेनाइड शिरांच्या रूपात आहेत. बोलिव्हियातील पाकाहाके आणि एल ड्रॅगॉन येथेही तसेच. काँगोतील कोल्वेझीजवळच्या मुसोनोई खाणीतून युरेनिलची सेलेनाइट, म्हणजे गिलेमिनाइट, डेमेस्मेकेराइट, डेरिक्साइट आणि मार्थोझाइट, मिळाली. तेथील सेलेनियम सल्फाइडातले असले तरी ते डायजेनाइट या तांब्याच्या सल्फाइडात बऱ्याच प्रमाणात होते. कामचाट्कातील तोल्बाचिक ज्वालामुखीच्या वायुमुखांवरची सेलेनाइट मात्र या हिशेबात धरू नका. ती कित्येक शे अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूंतून बसलेली आहेत आणि २५ अंशांचे आकडे त्यांना लागू होत नाहीत.

या आकड्यांचा एक व्यावहारिक अर्थ आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात सेलेनियमची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. चाल्कोमेनाइटशी समतोलात असलेल्या, वरच्या उदाहरणातल्या पाण्यात ते त्याच्या ४०० पट आहे. खाणीच्या ढिगाऱ्यात चाल्कोमेनाइट सापडले म्हणजे सेलेनियम ‘बांधले गेले’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो उलटा आहे: ते खनिज दिसणे हाच पाणी धोकादायक असल्याचा पुरावा आहे. सेलेनियमला खरोखर अडवून ठेवतो तो गोथाइटचा पृष्ठभाग, किंवा पाणी पुन्हा क्षपणकारी थरात जाऊन मूलद्रव्य सेलेनियम होणे.

तुमच्या आकृतीत आता काय बदल करावा, तेही सांगतो. विभवाचा अक्ष बाजूला ठेवा आणि आडव्या अक्षावर पीएच, उभ्या अक्षावर एकूण सेलेनाइटचा घातांक घ्या. सल्फेट, कार्बन डायऑक्साइड आणि धातूचे प्रमाण तुमच्या ठिकाणच्या पाण्याच्या विश्लेषणातून भरा. पुस्तकातले गोल आकडे भरू नका. सर्व प्रतिस्पर्धी खनिजांचे विद्राव्यता गुणाकार एकाच सुसंगत माहितीसंचातून घ्या, नाहीतर ब्रोकँटाइट एका संचातले आणि चाल्कोमेनाइट दुसऱ्या संचातले अशी सरमिसळ होऊन उंबरठा एका पीएचने इकडेतिकडे सरकतो. मी वर सगळीकडे प्रमाणालाच क्रियाशीलता, म्हणजे आयनांचे प्रत्यक्षात परिणाम करणारे प्रमाण, मानले आहे, ते समजावण्यापुरते ठीक आहे. ऑक्सिडीकरण पट्ट्यातली सांद्र सल्फेट पाणी मात्र क्रियाशीलता काढण्याच्या डेबाय–ह्युकेलच्या साध्या सूत्राच्या पलीकडची असतात. तेथे सांद्र द्रावणांसाठीचे पिट्झरचे प्रारूप वापरावे आणि तांब्याची सल्फेटाशी व फेरिक लोहाची सेलेनाइटशी होणारी जोडणी हिशेबात घ्यावी. या जोडणीमुळे मुक्त धातू कमी होतो आणि खनिजासाठी लागणारे सेलेनियम वाढते.

आणि मग नमुन्याकडे जा. तुमच्या आकृतीने दाखवलेल्या उंबरठ्यावर, म्हणजे ब्रोकँटाइटचा हिरवा थर जेथे सुरू होतो तेथल्या भेगांत, निळे कण शोधा. निळा कण म्हणजे अ‍ॅझुराइट, लिनाराइट किंवा चाल्कोमेनाइट, यांतले काहीही असू शकते. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने अ‍ॅझुराइट फसफसतो. लिनाराइटवर शिशाच्या क्लोराइडचा पांढरा थर येतो. चाल्कोमेनाइट न फसफसता विरघळतो आणि द्रावण स्वच्छ राहते. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना व्होल्टेज २० किलोव्होल्ट ठेवा. कमी व्होल्टेजवर सेलेनियमची फक्त १.३८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची क्ष-किरण रेषा मिळते, जी मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रेषांच्या मध्ये अडकते आणि सहज नजरेतून सुटते, ११.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा दिसल्यावर शंका उरत नाही.